ऑस्बोर्नची हवेली आणि आमच्या भाचीचा निकाह

लग्न ठरले की आपल्या घरांत पहिला वाद होतो तो हॉलचा. मुलगा कसा, मुलगी कशी, मेहर किती, हे सगळे एका बैठकीत ठरते. पण निकाह कुठे आणि वलीमा कुठे, हे ठरवायला दोन्हीकडच्या माणसांना महिना पुरत नाही. हे फक्त रत्नागिरी-भिवंडीतच होते असा आमचा समज होता. इंग्लंडमध्येही अगदी असेच होते, हे आम्हा दोघांना गेल्या उन्हाळ्यात कळले.

आमची आपा लग्न होऊन साउदॅम्प्टनला गेली त्याला आता तीस वर्षे झाली. तिचे सासरे बोटीवर खलाशी होते. त्या काळी पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणारी पुष्कळ माणसे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली असत, आणि साउदॅम्प्टन हे तर मोठे बंदर. त्यांचे कुटुंब तिथेच स्थिरावले. आपाला दोन मुलगे आणि शेवटची मुलगी. मुलगे नोकरीनिमित्त लांब राहतात. घरात आपा, दुल्हेभाई आणि भाची अशी तिघेच उरली होती. त्यातही गेल्या ऑक्टोबरमध्ये दुल्हेभाई अल्लाहला प्यारे झाले. भाचीचा निकाह त्याआधीच ठरला होता.

आम्ही जुलैमध्ये तिथे पोहोचलो तेव्हा आपाच्या इद्दतीला संपून पाच महिने होऊन गेले होते. तरी निकाहची तारीख पक्की होत नव्हती. एक जवळचे नातेवाईक म्हणत होते, घरात मौत झाली आहे, वर्ष तरी जाऊ द्या. मुलाकडची माणसे भली होती, पण त्यांच्या मनात एखाद्या जुन्या हवेलीच्या बागेत, समुद्रासमोर, थाटात समारंभ करायचा होता. आणि आपाच्या मनात वेगळीच सल होती. ती आम्हाला म्हणाली, "बाप नाही म्हणून पोरीचं कसंतरी उरकून टाकलं, असं कुणी म्हणायला नको. कर्ज काढीन, पण करीन."

मुलाकडच्यांनी सुचवलेल्या जागांमध्ये एक नाव होते ऑस्बोर्न. व्हिक्टोरिया राणीची समुद्राकाठची हवेली. तिथे लग्नसमारंभासाठी जागा भाड्याने मिळते. भाची म्हणाली, "मामू, मामी, तुम्ही आलाच आहात तर आधी बघून तर येऊ." म्हणून एका सकाळी आम्ही चौघे निघालो.

मदिना नावाची नदी

ऑस्बोर्न हे आइल ऑफ वाइट या बेटावर आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून हे बेट अगदी जवळ आहे. मध्ये सॉलेंट नावाची अरुंद सामुद्रधुनी. साउदॅम्प्टनहून मोठी फेरीबोट निघते. तिच्यात मोटारी, ट्रक, माणसे सगळे मावते. सुमारे तासाभराचा प्रवास. उजव्या हाताला फॉलीचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना मागे पडतो, मग पाणी रुंदावते आणि शिडाच्या होड्या दिसू लागतात. बेट जवळ आले की झाडीतून दोन चौकोनी मनोरे डोके वर काढतात. तेच ऑस्बोर्न.

बोट ज्या नदीच्या मुखात शिरते तिचे नाव ऐकून आम्ही चकित झालो. नदीचे नाव मेदिना! लिहितात अगदी आपल्या मदीना मुनव्वराच्या इंग्रजी स्पेलिंगसारखेच. भाची हसून म्हणाली की तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनाही हा प्रश्न पडायचा. खरे तर त्या पवित्र शहराशी या नदीचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'मधला' या अर्थाचा जो शब्द होता त्यावरून हे नाव आले, कारण नदी बेटाच्या मधोमध वाहते. तरी बोटीतून उतरताना आपाच्या ओठांवर आपसूक दरूद आला.

नदीच्या एका तीरावर काऊज, दुसऱ्या तीरावर ईस्ट काऊज. ऑस्बोर्न ईस्ट काऊजच्या बाजूला आहे. धक्क्यापासून बसने काही मिनिटांत फाटकाशी पोहोचता येते.

नवराबायकोने बांधलेले घर

राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यांनी ही मालमत्ता १८४५ साली विकत घेतली. लंडनचे आणि विंडसरचे राजवाडे त्यांचे स्वतःचे नव्हते, ते राजसत्तेचे. मुलांना घेऊन मोकळेपणाने राहता येईल असे स्वतःचे घर दोघांना हवे होते. जुने घर पाडून १८५१ पर्यंत नवे उभे राहिले. आराखड्यात अल्बर्टने स्वतः लक्ष घातले आणि बांधकाम थॉमस क्युबिट या लंडनच्या नामांकित बांधकाम व्यावसायिकाने केले. सॉलेंटचे पाणी पाहून अल्बर्टला इटलीतल्या नेपल्सच्या उपसागराची आठवण येत असे. म्हणून घराची धाटणी इटालियन: मनोरे, कमानी, पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरत जाणारी बाग.

बागेत एक झुडूप पाहायला लोक मुद्दाम थांबतात. इंग्रज त्याला मर्टल म्हणतात, आपल्याकडे त्याला विलायती मेंदी असेही नाव आहे. बारीक चमकदार पाने, पांढरी सुवासिक फुले. १८४५ मध्येच अल्बर्टच्या आजीने जर्मनीत राणीला फुलांचा गुच्छ दिला होता. त्यातली डहाळी ऑस्बोर्नला आणून लावली. १८५८ साली थोरल्या राजकन्येच्या लग्नात तिच्या गुच्छात याच मर्टलची डहाळी घातली, आणि तेव्हापासून राजघराण्यातल्या नववधूंच्या हाती ती देण्याचा रिवाज पडला. २०११ मध्ये केट आणि २०१८ मध्ये मेगन यांच्या गुच्छांतही मर्टल होती. भाचीने तळहात पुढे करून म्हटले, "माझ्या हातावर आपली मेंदी पुरे."

घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर स्विस कॉटेज आहे. १८५३-५४ मध्ये मुलांसाठी बांधलेले लाकडी घर. ते पाहून आमची ही फार खूश झाली. राणीला नऊ मुले. प्रत्येकाला इथे भाजीचा स्वतःचा वाफा होता, आपापल्या नावाची अक्षरे घातलेली छोटी हातगाडी होती. पिकवलेली भाजी बाप बाजारभावाने विकत घ्यायचा. मुली कॉटेजच्या छोट्या स्वयंपाकघरात रांधायला शिकायच्या. राजाच्या पोरांनाही मातीत हात घालायला लावणारा बाप होता तो. दुल्हेभाईंनीही साउदॅम्प्टनच्या मागच्या अंगणात पोरांकडून कोथिंबीर आणि मेथी लावून घेतली होती. आपा त्या वाफ्यांशी बराच वेळ उभी राहिली.

जेवणघरातले लग्न

मुख्य घरात जेवणाची मोठी खोली आहे. भिंतीवर राणी, अल्बर्ट आणि मुले यांचे भव्य चित्र. पूर्वी इथे लग्न झाले होते का, असे भाचीने तिथल्या स्वयंसेविकेला सहज विचारले. तिने सांगितले, याच खोलीत १ जुलै १८६२ ला राजकन्या ॲलिसचे लग्न झाले.

त्या लग्नाची कथा ऐकून आम्ही गप्प झालो. अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारला होता. शेवटच्या आजारात ॲलिसनेच बापाची सेवा केली होती. तिचे लग्न आधीच ठरलेले, म्हणून ते पार पाडायचे असे राणीने ठरवले. पण मोठ्या चर्चमध्ये नाही, लोकांसमोर नाही. जेवणघरातले टेबल हलवून मोजक्या माणसांत ते उरकले. राणी काळ्या कपड्यांत, चारी बाजूंनी मुलांच्या आडोशाला बसलेली. नवरीला विधीपुरता पांढरा पोशाख घालू दिला. बाकी तिच्यासाठी शिवलेले सगळे कपडे काळे. तिथे हजर असलेल्यांना ते लग्न कमी आणि मातम जास्त वाटले. राणीने पुढची चाळीस वर्षे काळा रंग सोडला नाही.

आपल्या दीनमध्ये शोकाला हद्द घातलेली आहे. मेलेल्या आप्तासाठी तीन दिवस, आणि विधवेला चार महिने दहा दिवसांची इद्दत. त्यानंतर जिवंत माणसांचे हक्क सुरू होतात. आम्ही हे आपाला समजावून सांगायच्या आधीच ती म्हणाली, "ती पोर लग्नाच्या दिवशीसुद्धा बापाच्या जनाज्यातच उभी होती." बाहेर पडताना तिने भाचीचा हात धरला होता.

घरजावई

दुसऱ्या मुलीची कथा त्याहून वेगळी. सगळ्यांत धाकटी बिॲट्रिस बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती. विधवा आईने तिला आपल्याजवळच ठेवायचे मनाशी पक्के केले होते. तिने लग्न करावे ही कल्पनाच राणीला सहन होईना. १८८४ मध्ये मुलीने हेन्री ऑफ बॅटनबर्ग या राजपुत्राशी लग्न करायचे आहे असे सांगितले, तेव्हा राणीने कित्येक महिने तिच्याशी बोलणे टाकले. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून दोघींचा व्यवहार चिठ्ठ्यांवर चालला.

अखेर राणी तयार झाली ती एका अटीवर: जावयाने आपल्या घरी येऊन राहायचे. २३ जुलै १८८५ रोजी जवळच्या व्हिपिंगहॅम गावातल्या चर्चमध्ये लग्न झाले आणि मेजवानी ऑस्बोर्नच्या हिरवळीवर. पुढे घराला नवा भाग जोडला, त्याच्या वरच्या मजल्यावर बिॲट्रिसचा संसार होता. हेन्रीला तिथे चैन पडत नसे. आफ्रिकेतल्या मोहिमेवर तो हट्टाने गेला आणि १८९६ मध्ये तापाने वारला. त्याची कबर व्हिपिंगहॅमलाच आहे.

भाचीने ही कथा ऐकून आईला विचारले, "अम्मी, तुझ्यासाठी घरजावई बघू का?" आपा हसली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच तिला मोकळे हसताना पाहिले. मग म्हणाली, "नको गं. राणीला राज्य होतं, मला दोन खोल्या आहेत. तुझा नवरा माझ्या स्वयंपाकघरात कुठे बसेल?" पण तारीख पुढे ढकलण्यामागे वर्षश्राद्धासारखी कुठली रीत नव्हती, आपल्यात ती नाहीच. घर रिकामे होण्याची भीती होती. ते तिच्या तोंडून निघाले नाही, आणि आम्हीही काढवले नाही.

दरबार हॉल आणि मुन्शी

बिॲट्रिसच्या बिऱ्हाडाच्या खाली जो हॉल आहे तो पाहायला हिंदुस्थानी माणूस ऑस्बोर्नला आवर्जून जातो. त्याला दरबार रूम म्हणतात. १८९०-९१ मध्ये बांधलेला. छतापासून भिंतींपर्यंत पांढरी नक्षी, जाळ्या, महिरपी, आणि शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. वाटते संगमरवर कोरला आहे. प्रत्यक्षात ते प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याचे काम आहे. ही नक्षी रचली लाहोरच्या मेयो कलाशाळेतल्या भाई राम सिंग या कारागिराने, आणि त्याला घेऊन आले तिथले प्रमुख लॉकवुड किपलिंग. हे किपलिंग त्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर शेतकरी-बाजारकरी लोकांची जी उठावशिल्पे आहेत ती त्यांचीच. मसाला आणि सुका मेवा घ्यायला आपण शेकडो वेळा त्यांच्या खालून गेलो आहोत.

हॉलकडे जाणाऱ्या वाटेवर रुडॉल्फ स्वोबोदा या चित्रकाराने काढलेली हिंदुस्थानी माणसांची चित्रे लावली आहेत. राजे-नवाब थोडे, साधी माणसे जास्त: विणकर, कुंभार, शिपाई, लहान मुले. त्यांतच अब्दुल करीम यांचे चित्र आहे.

अब्दुल करीम यांचा जन्म १८६३ चा, झाशीकडचा. आग्र्याच्या तुरुंगात ते कारकून होते. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा टेबलाशी सेवेला म्हणून त्यांना विलायतेत आणले. वय चोवीस. वर्षभरात ते राणीचे मुन्शी झाले. सत्तरीच्या जवळ आलेली राणी त्यांच्याकडून उर्दू शिकू लागली आणि मरेपर्यंत, जवळजवळ तेरा वर्षे, वहीत उर्दूत लिहीत राहिली. राजवाड्यात नेमाने करी शिजू लागली. तिथल्या स्वयंपाकघरात काम केलेल्या एका स्विस आचाऱ्याने आठवण लिहून ठेवली आहे की हिंदुस्थानी नोकर बाहेरून आलेले मांस वापरत नसत, आपली मेंढी-कोंबडी स्वतः कापत. परक्या मुलखात, राजाच्या घरी चाकरी करूनही त्या माणसांनी हलाल सोडले नाही. १८९३ मध्ये मुन्शींचे कुटुंब आले. त्यांची बायको पर्द्यात राहायची, आणि राणी स्वतः तिला भेटायला घरी जायची.

दरबारातल्या गोऱ्या मंडळींना हे सारे खुपत होते. त्यांनी मुन्शींच्या खानदानाची चौकशी करवली, त्यांना कमी दाखवायची एकही संधी सोडली नाही. मुन्शींमध्येही मानापानाची हौस होती, बढाई होती, हे मान्य केले पाहिजे. २२ जानेवारी १९०१ रोजी राणीने याच घरात प्राण सोडला. पेटी बंद होण्याआधी मुन्शींना शेवटचे दर्शन घेऊ दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या राजाच्या हुकमाने विंडसर इथल्या त्यांच्या घरी माणसे आली आणि राणीने मुन्शींना लिहिलेली पत्रे मागून घेऊन जाळून टाकली. मुन्शींना हिंदुस्थानात परत पाठवले. १९०९ मध्ये ते आग्र्याला वारले. राणीच्या उर्दू वह्या तेवढ्या राहिल्या. २०१७ च्या सिनेमामुळे हे नाव पुन्हा घराघरांत गेले, त्याचे काही चित्रण इथेच झाले होते.

राणी असेपर्यंत त्या माणसाला सगळे होते. ती गेल्यावर पुढे करायला हातात कागदही उरला नाही. ही गोष्ट आम्ही बाहेर बाकावर बसून बोलत होतो, तेव्हा भाचीने तिच्या मनातला खरा प्रश्न काढला.

कागदाची गोष्ट

भाची एका वकिलांच्या कचेरीत काम करते. तिने सांगितले ते आपल्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या मुली विलायतेत दिल्या जातात.

आपल्या देशात शरीअतप्रमाणे झालेला निकाह कायद्याने मानला जातो. इंग्लंडमध्ये तसे नाही. तिथे निकाह कायद्याने धरायचा तर तो विवाहासाठी नोंदलेल्या मशिदीत, अधिकृत व्यक्तीसमोर व्हावा लागतो, नाहीतर सरकारी नोंदणी वेगळी करावी लागते. त्याआधी दोघांनी नोंदणी कचेरीत जाऊन किमान २८ दिवसांची नोटीस द्यावी लागते. हवेली, हॉटेल, बाग अशा मंजुरी असलेल्या जागी सरकारी विवाह होऊ शकतो, आता बाहेर मोकळ्यावरही होतो, पण त्या विधीत धर्माचे काही चालत नाही. म्हणजे तिथे तिलावत, खुत्बा काही नाही. निकाह वेगळाच करावा लागतो.

पुष्कळ घरांत होते काय, की हवेलीचा थाट होतो, निकाह पढवला जातो, फोटो निघतात, आणि नोंदणी "नंतर करू" म्हणून राहून जाते. १९९८ मध्ये लंडनच्या एका रेस्टॉरंटमध्ये अशाच एका जोडप्याचा निकाह झाला होता. नोंदणी झाली नाही. चार मुले झाली. पुढे फारकतीची वेळ आली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने हे लग्नच नव्हते. अल्लाहसमोर निकाह होता. पण बायकोला घरात, मिळकतीत जो वाटा कायद्याने मागता आला असता, त्याचे दार बंद झाले.

भाची म्हणाली, "मामू, मला हवेली नको. मला रजिस्टरमध्ये सही हवी. आणि मेहर निकाहनाम्यात आकड्यात आणि अक्षरात लिहिलेला हवा. एवढं तुम्ही त्यांच्याकडे बोला."

आम्ही खजील झालो. दोन आठवडे आम्ही हॉल, जेवण, पाहुण्यांची यादी याच गोष्टी बोलत होतो. हा प्रश्न विचारायचे आम्हाला सुचले नव्हते.

महाराष्ट्रातही विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या धर्मांच्या विवाहांची नोंद व्हावी असे सांगितले आहे. निकाह आपल्याकडे नोंदणीवाचूनही ग्राह्य असतो, तरी व्हिसा, पासपोर्ट, वारसा, पेन्शन यांच्या वेळी दाखला लागतोच. काझीसाहेबांच्या वहीतली नोंद जपावी आणि सरकारी दाखलाही काढून ठेवावा.

किनाऱ्यावर जुहर

बाग उतरून खाली गेले की राणीचा खासगी किनारा लागतो. २०१२ पासून तो सर्वांना खुला आहे. तिथे राणीची आंघोळीची गाडी ठेवली आहे. चाकांवरची लाकडी खोली. राणी तिच्यात बसायची, गाडी रुळांवरून पाण्यात उतरवायची, आणि पडद्याआडून कुणाच्या नजरेला न पडता ती समुद्रात शिरायची. १८४७ मध्ये ती पहिल्यांदा समुद्रात न्हाली. राणी गेल्यावर या गाडीत कोंबड्या पाळल्या होत्या म्हणे. पुढे ती दुरुस्त करून परत जागेवर आणली.

जुहरची वेळ झाली होती. बाटलीतल्या पाण्याने वुजू केला आणि गवताच्या एका कडेला चादर अंथरली. कोकणात आपण किनाऱ्यावर नमाजला उभे राहिलो की किब्ल्याच्या दिशेला समुद्रच असतो. इथे किब्ला आग्नेयेकडे. समुद्र डाव्या हाताला राहिला आणि तोंड जमिनीकडे झाले. सवय नसल्यामुळे पहिल्या रकातीत थोडे चुकल्यासारखे वाटले. जवळून जाणारे एक म्हातारे जोडपे आम्हाला पाहून थांबले, मुलाला आवाज कमी करायला सांगितले आणि लांबून वळसा घालून गेले.

नमाज झाल्यावर आपाने लांब दुआ मागितली. मग स्वतःच म्हणाली, "कर्ज नाही काढायचं. तारीख घ्या."

निकाह आणि एक सहल

मुलाकडच्यांशी आम्ही बोललो. मुलाच्या आईचा चेहरा थोडा उतरला, ते स्वाभाविक होते. त्यांचा थोरला मुलगा, त्याच्या लग्नात काही करता आले नव्हते, म्हणून ही हौस होती. पण जागेचे भाडे, जेवण, फुले, फोटो असा सारा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मुलगाच म्हणाला की एवढ्यात घराच्या हप्त्यांची सुरुवात होईल. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना हुजूर (स.) यांनी एका बकरीचा का होईना, वलीमा करा म्हणून सांगितले होते. वलीमा करावाच, पण ऐपतीत. यावर सगळ्यांचे एकमत झाले.

नोटीस दिली, दिवस भरले, आणि सप्टेंबरच्या एका शनिवारी नोंदणी झालेल्या मशिदीत निकाह झाला. खुत्बा झाला, ईजाब-कबूल झाले, मेहर वाचून दाखवला, दोघांनी सरकारी कागदावर सह्या केल्या. वलीम्याला ऐंशी माणसे. दुल्हेभाईंच्या आठवणीने दुआ झाली, डोळे पुसले गेले, आणि मग जेवणे. आपाने अंजिरी रंगाचा जोडा घातला होता. तो दुल्हेभाईंनीच आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईची हौस आम्ही पुरवली. दोन्ही घरांची चौदा माणसे तिकीट काढून ऑस्बोर्नला गेलो. डब्यांत आदल्या दिवशीची बिर्याणी आणि आपाने केलेले सांदण. हिरवळीवर चादरी पसरल्या. नवऱ्या मुलाच्या आईने मर्टलच्या झुडपाजवळ सुनेबरोबर भरपूर फोटो काढून घेतले. समारंभात जेवढे काढता आले असते त्याहून जास्तच निघाले असतील. पोरे स्विस कॉटेजकडे पळाली.

कुणाला जायचे असेल तर दोन सूचना. हिवाळ्यात हवेली रोज उघडी नसते, आधी विचारून घ्यावे. घर, बाग, कॉटेज आणि किनारा नीट पाहायचा तर सबंध दिवस हाताशी ठेवावा, आणि पायात चालायचे बूट असावेत. वाऱ्यासाठी शाल जवळ ठेवावी, उन्हाळ्यातसुद्धा.

परतीच्या बोटीत आपा आणि मुलाची आई एका बाकावर बसून सांदणाच्या तांदळाबद्दल बोलत होत्या. भाची सासरी जाणार होती ते गाव रेल्वेने साउदॅम्प्टनहून फार लांब नाही. जावयाने आपाला वेळापत्रक मोबाइलवर काढून दाखवले. अल्लाहतआला या जोडीच्या संसारात बरकत देवो, आणि आपल्या सगळ्यांच्या मुलींना इज्जतीचे घर आणि हक्काचा कागद दोन्ही नसीब करो. आमीन.